तळ्यांवर बघण्यासारखं काही नाही

दिनांक १२ जानेवारी

ती. दादास,

नमस्कार. तुम्ही सगळे खुशाल आहात, वहिनीची पाठ आता ठणकत नाही आणि मुलं आळीपाळीने आजारी पडायची थांबली आहेत असं धरून चालते. इकडे आम्ही ठीक. ह्यांचा खोकला आहे तसाच. डॉक्टर बदलला, खोकला काही बदलला नाही. चष्म्याच्या दुकानात सध्या मान वर करायला फुरसत नाही. परीक्षा जवळ आल्या की सगळ्यांच्या पोरांना एकदम फळा दिसेनासा होतो.

तू फोनवर विचारलंस, "कशी झाली सहल?" मी "छान" म्हणाले. परवा पुन्हा विचारलंस, मी पुन्हा "छान" म्हणाले. फोनवर तू मला शब्दांत गुंडाळतोस, दादा, लहानपणापासून. कागदावर तुला मधे तोंड घालता येत नाही. म्हणून लिहितेय.

तर सहल. बाबा, त्या आणि मी. बाबांच्या दुसऱ्या लग्नाला वर्ष होऊन गेलं तरी त्यांना काय म्हणावं ते मला कळत नाही. 'आई' तर शक्यच नाही, आणि 'मावशी' म्हणायला त्या आईच्या बहीण नाहीत. जुन्या बायका नवऱ्याला हाक मारायच्या तशी मी 'अहो'वर वेळ भागवते. मी त्यांना पाण्यात पाहते असं तू म्हणाला होतास. आता खरोखरच पाण्यात पाहून आले.

शहर सुटलं की रस्ता जो सपाट होतो तो होतोच. दोन्हीकडे शेतं, मधून कालवे, आणि नजर पोचेल तिथवर एक उंचवटा नाही. मग शेतं ओली होत जातात, लव्हाळे सुरू होतात आणि एका वळणावर अचानक समोर पाणीच पाणी. पहिल्या तळ्यावर लाकडी फळ्यांची वाट केलीय, पाण्यावरून चालत आत जाता येतं. बाबा त्या फळ्यांवरून असे चालत होते, जसे आपण अंधारात आपल्या घरातली मोरी गाठतो. गळ्यात दुर्बीण. ती मी आपल्या घरात कधी पाहिलेली नाही. माझा धंदाच भिंगांचा. ती निदान वीस वर्षं वापरातली आहे हे मला हातात न घेता कळलं.

आणि पक्षी! आपल्या खिडकीतल्या दोन कुंड्यांत काय लावलंय हे ज्या माणसाला उभ्या जन्मात सांगता आलं नाही, तो मला शेकाट्या दाखवत होता, पाणकावळा दाखवत होता. मग एक टिबुकली बुडाली. बाबा त्यांना म्हणाले, "सांग, कुठे वर येईल?" त्या म्हणाल्या, "लव्हाळ्याच्या डावीकडे." आली, तिथेच आली. दोघं हसले. जुन्या थट्टेला हसतात तसं, दादा. वर्षभराच्या संसारात थट्टा इतकी जुनी कशी होते, असं माझ्या मनात आलं, पण मी तो विचार झटकला. मोठं मन करायचं ठरवून गेले होते ना.

तुला आठवतं? बाबा जलखात्यात तळ्यांची पातळी मोजायचे, दर महिन्याला दौरा. परत आले की विजारी गुडघ्यापर्यंत चिखलाने कडक झालेल्या असायच्या. आई त्या बादलीत भिजवून ब्रशने घासायची आणि घासता घासता म्हणायची, "एकदा मलाही न्या की." बाबांचं उत्तर ठरलेलं. "तिथे आहे काय बघायला? चिखल आणि डास."

दुपारी आम्ही बांधावरच्या बाकावर जेवायला बसलो. त्यांनी डबा उघडला, मला वाढलं. मी काहीतरी बरं बोलायचं म्हणून "छान झालंय हो" म्हणाले. त्या अगदी सहज म्हणाल्या, "छे ग. तुझ्या आईच्या हाताला जी चव होती ती मला या जन्मात नाही यायची."

बाबांना ठसका लागला.

त्यांची आणि बाबांची ओळख निवृत्तीनंतर, आई गेल्यावर, वाचनालयात झाली असं आपल्याला सांगितलं होतं. आईला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. मग चव कुठली? मी विचारलं नाही. पुढचा घास नुसता चघळत राहिले. समोर एक राखी बगळा एका पायावर उभा होता, त्याच्याकडे बघत. बाबा दौऱ्यावर निघाले की आई मोठा डबा का भरायची ते मला आठवलं. बाबाच सांगायचे, "पाण्यावरची हवा, भूक फार लागते." आई हसायची. "तुझ्या बाबांना तळ्यावर खा-खा सुटते बघ," म्हणायची.

संध्याकाळी दुसऱ्या तळ्याशी पोचलो. तिथे काठावर एक लहानसं लॉज आहे, पत्र्याचं छप्पर, भिंतींना ओल. मालकीण म्हातारी, गुडघ्यांमुळे खुर्चीत बसूनच कारभार बघते. तिचा नवरा होडी चालवायचा, तो आता नाही. बाबा आत शिरतात न शिरतात तोच ती ओरडली, "या साहेब! यंदा फार उशीर केलात. बाईंची नेहमीची खोली झाडून ठेवलीय."

हातच्या काकणाला आरसा कशाला? तरी बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "यांचा काहीतरी घोटाळा होतोय." त्यावर म्हातारी आणखी बरंच बोलली. ते मी पुढे सांगते. आधी सकाळचं सांगते.

सकाळी आम्ही पक्षी बघायच्या खोपीत गेलो. लाकडी खोली असते, भिंतीला डोळ्यांच्या उंचीवर एक लांब फट. त्या फटीतून बघायचं आणि अजिबात आवाज करायचा नाही. बाजूला कॅमेरा लावून बसलेला एक माणूस होता. समोर उथळ पाण्यात करकोच्यांचा मोठा थवा. आपल्या घराचं जे काही झालं ते मी तिथे बसून, कुजबुजत, विचारलं.

"आईला माहीत होतं?"

बाबांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. "आता जुनं उकरून काय मिळणार आहे?"

"माहीत होतं का, तेवढं सांगा."

"हळू," कॅमेरेवाला म्हणाला. "उडतील ते."

उत्तर बाबांनी नाही, त्यांनी दिलं. मांडीवर हात ठेवून, समोर बघत. "होतं. डब्यात नेहमी एक चमचा यायचा. एकदा दोन आले."

मला क्षणभर समजलंच नाही. मग समजलं.

"मग?"

"मग नेहमीच दोन यायला लागले."

"आणि तुम्ही तो डबा खायचात?"

त्यांची मान खाली गेली. बाबा म्हणाले, "खायचो. टाकून काय उपयोग होता?"

दादा, हे वाक्य मी शब्दाला शब्द लिहिलंय. माझ्या पदरचं एक अक्षर नाही. मला वाटलं होतं ते नाकबूल करतील, निदान रडतील. माणूस सापडला की काहीतरी करतो ना? बाबांनी दुर्बिणीचं चाक फिरवून नीट केलं.

मी म्हणाले, मी बसने घरी जाते. तेव्हा कुठे त्यांनी दुर्बीण खाली घेतली आणि माझा हात धरून म्हणाले, "एक कर. दादाला यातलं काही कळवू नकोस. त्याच्या मनाला फार लागेल."

मी हसले. इतक्या मोठ्याने हसले की सगळा थवा एकदम उठला. कॅमेरेवाल्याने मला ज्या शिव्या दिल्या त्या माझ्या हक्काच्या होत्या. पाय पसरून, वर बघत मी त्या ऐकून घेतल्या.

कारण म्हातारी आदल्या संध्याकाळी पुढे काय म्हणाली, ते मला पाठ झालं होतं. तिने माझ्याकडे बोट करून विचारलं, "ही कोण?" बाबा म्हणाले, "माझी मुलगी." "अगबाई! मुलगीपण आहे? मला वाटलं तुम्हाला एकच पोरगा. कसा आहे तो? होडीतून उतरताना हनुवटी फोडून घेतली होती बिचाऱ्याने. टाके घालताना बाईंनी हात धरला होता त्याचा, सोडेचना."

ती खूण अजून आहे तुझ्या हनुवटीवर. बाबांबरोबर दौऱ्यावर जाऊन घरी आलास तेव्हा 'बांधावरून घसरलो' म्हणाला होतास. आईने टाक्यांवरची पट्टी बदलताना विचारलं, "कुणी होतं का रे जवळ? घाबरला असशील." तू म्हणालास, "बाबा होते." मी शेजारी कापूस घेऊन उभी होते.

तेव्हा तू चौदा वर्षांचा होतास. त्या मुलावर माझा राग नाही, हे नीट वाच. बापाने त्याच्या तोंडात मिठाची गुळणी दिली आणि त्याने ती धरून ठेवली. चौदाव्या वर्षी दुसरं काय करणार होतास? पण गुळणी कधीतरी थुंकायची असते, दादा. तू मोठा झालास, घर सोडलंस, लग्न केलंस, दोन मुलांचा बाप झालास. बाबांनी दुसरं लग्न ठरवलं तेव्हा मी आकांत केला आणि तू मला समजावलंस, "उतारवयात सोबत लागते ग. बाई चांगल्या वाटतात." वाटतात! आणि या सहलीसाठीही तूच माझ्या मागे लागलास. "मोठं मन कर, जा एकदा त्यांच्याबरोबर." मी कुठे जातेय ते तुला माहीत होतं. तुला वाटलं तरी काय? म्हातारी मेली असेल?

बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली. रस्ता दोन तळ्यांच्या मधून, बांधावरून जातो. ऊन वर आलं होतं, पाणी दोन्हीकडे आभाळाइतकं लांब पसरलेलं, आणि मी उडवलेले करकोचे पलीकडच्या काठावर एकेक करून उतरत होते. सुंदर होतं रे. खोटं कशाला बोलू? डोळ्यांचं पारणं फिटावं इतकं सुंदर होतं. आईला हे फार आवडलं असतं. ती काठावर बसून राहिली असती, उठायचं नाव घेतलं नसतं. चिखल आणि डास!

आता एक शेवटचं. हे लिहायचं मी पहिल्या ओळीपासून टाळतेय.

इस्पितळात, तू रजा काढून आला होतास तेव्हा, आई तुला म्हणाली होती, "बरी झाले की मला एकदा ती तळी दाखव रे." मी खिडकीशी तिचे केस विंचरायचा कंगवा पुसत होते. तू तिची चादर सारखी केलीस आणि म्हणालास, "आई, तिथे बघण्यासारखं काही नाही." तुझा आवाज हुबेहूब बाबांसारखा लागला. मला वाटलं, प्रवासाने दमलायस. आईने तुझ्याकडे बराच वेळ पाहिलं, तुझ्या हनुवटीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "बरं." त्यानंतर तिने तळ्यांचं नाव काढलं नाही.

ती तळी मागत होती की तुला बोलायची एक संधी देत होती? मी गेले आठ दिवस गिऱ्हाइकांना भिंगं लावते, "आता दिसतं का?" विचारते, आणि डोक्यात हेच. आणि माझ्याशी ती एका शब्दाने का बोलली नाही? रोज तिच्याजवळ मी होते. तिचं डोकं धुणारी, तिला भरवणारी मी.

पुढच्या महिन्यात तुम्ही येताय. खोली रिकामी करून ठेवलीय, मुलांसाठी गाद्या उन्हात घातल्यात. वहिनीला यातलं काही लिहिणार नाही. पण दारात आलास की सामान खाली ठेवायच्या आधी मला तेवढं सांग: तू 'काही नाही' म्हणालास तेव्हा आईला सगळं कळतंय हे तुला कळलं होतं का? हो असेल तर हो म्हण. ऐकायची माझी तयारी आहे. गुळमुळीत काही घेऊन येणार असलास, तर स्टेशनसमोर हॉटेलं पुष्कळ आहेत.

मुलांना गोड पापा.

चौघांच्या घरात जिला एकटीलाच काही ठाऊक नव्हतं, ती
तुझी धाकटी