वीस मिनिटे ऊन मिळण्याबाबत

प्रति,
मा. कर्मचारी अधिकारी,
शीतगृह क्र. ३, न्हावा शेवा,
ता. उरण, जि. रायगड.

अर्जदार : दिपेश गोटीराम घरत, माल तपासनीस, दिवसपाळी. रा. कामोठे.

विषय : दुपारी बारा ते बारा वीस या वेळेत मागील आवारात उन्हात उभे राहण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज व त्यांवरील आपले एक उत्तर.

महोदय,

१. मी गेली अकरा वर्षे उणे अठरा अंशांत कोळंबीची खोकी तपासत आहे. पाळी सात ते सात. जेवणाची खोलीही आतच असून तिला खिडकी नाही. दिवाळीनंतर घरच्या जिन्यावर पाय लटपटून पडलो. रक्ततपासणीत ड जीवनसत्त्व आठ आले. किमान तीस हवे, असे त्याच कागदावर छापले आहे. सहकारी मिथुन यांनी "हाडांचं टेन्शन बायकांना असतं रे, तू कुठं मधेच?" असे सर्वांसमक्ष विचारल्याने तो कागद मी महिनाभर डब्याच्या पिशवीत दडवला. हाडे पुरुषांनाही असतात, असे डॉक्टरांनी नंतर सांगितले.

२. डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाची एक पुडी आठवड्यातून एकदा दुधातून घेण्यास सांगितले होते. लक्षात राहावे म्हणून मी सुट्टीचा दिवस धरला. जहाज लागले की आपल्याकडे सुट्टी रद्द होते, हे ध्यानात घेतले नाही. आठ आठवड्यांत जहाजे पुष्कळ लागली, पुड्या तीनच पोटात गेल्या. चूक माझी आहे. आता सोमवार ठरवला आहे. उन्हाचे मात्र माझ्या हातात नाही.

३. "ऊन ही आस्थापनेने पुरवावयाची सुविधा नाही, तथापि सायंकाळच्या चहाच्या वेळेत आवारातील मोठ्या दिव्याखाली उभे राहण्यास हरकत नाही," असे आपण कळविले. त्यानुसार मी आठ दिवस उभा राहिलो. डॉक्टरांना सांगितले. ते हसलेसुद्धा नाहीत.

४. मांड्यांतला जोर गेला आहे. दोनदा खोके हातातून सुटले. मुलगी ईश्वरी चार वर्षांची आहे. ती हल्ली मला "कडेवर घ्या" म्हणत नाही, आईकडे जाते. याचे मला वाईट वाटायला हवे. काहीच वाटत नाही, याची भीती वाटते. २७ एप्रिल रोजी शारीरिक चाचणी आहे. वीस किलोचे खोके दहा वेळा उचलता न आल्यास मी नियमानुसार अपात्र ठरतो व ही नोकरी जाते.

५. ही नोकरी मला जमिनीच्या बदल्यात मिळाली आहे. मागील आवार जेथे आहे तेथे आमचे मिठागर होते. वडील तेथे दिवसभर उघड्या अंगाने मीठ ओढत. आई पुतळाबाई म्हणते, "तुजा बापूस उन्हान काला झाला, तू सावलीन पांढरा झालास." परवा भूसंपादनाची यादी काढून तीनदा वाचली. तीत जमीन, बांध, खाडीचे पाणी आत घेण्याची उघाडी व भेंडीची दोन मोठी झाडे आहेत. उन्हाची नोंद नाही.

तरी ऊन नंतर संपादित झाले असल्यास त्या आदेशाची प्रत मिळावी. झाले नसल्यास त्यातील वीस मिनिटे मला वापरू द्यावीत, ही विनंती.

आपला नम्र,
(सही)
दिपेश गो. घरत
दि. २ फेब्रुवारी २०२६

सोबत :
१. रक्ततपासणी अहवाल
२. रिकाम्या पुड्या, नग तीन
३. संपादनाची यादी, पाने दोन (वाचून परत करावी. घरी एवढीच आहे.)