यंदा मधमाश्या घरीच राहिल्या

नायोरो, होक्काइदो
मार्चअखेर

तीर्थस्वरूप दाजींना कियोझोचा वाकून नमस्कार.

तुमच्याकडे मियाझाकीला चेरी फुलली असेल. आमचं फाटक अजून बर्फातून वर यायचंय. ताईचे गुडघे कसे आहेत? तुमचा खोकला? (तुम्ही ‘बरा आहे’ असंच लिहिणार, म्हणून ताईलाही वेगळं विचारलंय.)

यंदा मधपेट्या हिवाळ्यासाठी तुमच्या बागेत धाडल्या नाहीत, याचा तुम्हाला राग आलाय, हे ताईनं फोन लगेच ठेवला त्यावरून कळलं. पण दाजी, दरवर्षी ट्रक, मग बोट, पुन्हा ट्रक. कितीतरी माश्या वाटेतच मान टाकतात, आणि आपण वसंतात नव्या विकत घेतो. म्हटलं, इथल्या थंडीत तगतील अशाच वाढवाव्यात. म्हणून मध कमी काढला, त्यांच्यापुरता आत ठेवला, पेट्यांना पेंढा गुंडाळला, उंदीर शिरू नये म्हणून दार बारीक केलं, ओल जायला वर फट ठेवली. मग बर्फ पडला. आता वसंतापर्यंत काहीच करायचं नसतं, आणि नेमकं तेच मला जमेना.

आत माश्या राणीभोवती गोळा होऊन ऊब धरतात. कान लावला की बारीक गुणगुण येते. मी रोज बर्फ उकरून कान लावायचो. (एकदा कान पत्र्याच्या झाकणालाच चिकटला. आमच्या हिनं, फुसाएनं, कोमट चहा ओतून सोडवला आणि “चांगला चहा वाया गेला,” एवढंच म्हणाली.) जानेवारीत एका सकाळी कडेच्या पेटीतून काही ऐकूच येईना. ठोठावलं, तरी नाही. फुसाए बाजारात होती. तेवढ्यात पेटी घसरगाडीवरून घरात ओढली आणि स्टोव्हजवळ ठेवून वर चादर टाकली. त्याच दिवशी सासऱ्यांचं श्राद्ध आहे, हे घाबरलेल्या माणसाच्या लक्षात कुठलं राहायला!

देवळातले गुरुजी पठणाला बसले, खोली तापली, आणि माश्यांना वाटलं, वसंत आला. पहिली माशी गुरुजींच्या तुळतुळीत टाळूवर बसली. गुरुजी थांबले नाहीत, पठणाचा वेग मात्र दुप्पट झाला. सासूबाई गहिवरून म्हणाल्या, “आमचे हेच आलेत भेटायला.” फुसाए म्हणाली, “बाबा एवढे शांत कधी होते?” आणि तिनं चादर उचलली.

पुढचं लिहवत नाही. माश्या खिडकीच्या काचेवर धडका देऊन खाली पडल्या. धडधाकट होत्या हो त्या! मऊ कुंच्यानं गोळा करताना मला रडू आवरेना. उरलेल्यांसह पेटी बाहेर नेऊन ठेवली. जाताना गुरुजी म्हणाले, “कियोझो, झोपलेल्याला उठवून ‘झोप लागली का’ असं विचारू नये रे.” फुसाएनं फावडं कुलपात टाकलं. मग मी खिडकीशी बसून नखं खाल्ली.

परवा लख्ख ऊन पडलं आणि पेट्यांतून माश्या भरभरून उडाल्या! हिवाळाभर पोट धरून बसलेल्या, त्यांनी पहिल्याच भरारीत पोट मोकळं केलं ते शेजारच्या ओनोदेराकाकूंच्या पांढऱ्या चादरींवर. काकू तणतणत आल्या, “हे पिवळे डाग कसले?” मी हात जोडले, “काकू, जिवंत आहेत!” “माझ्या चादरी मेल्या त्याचं काय?” कडेच्या पेटीतूनही मूठभर निघाल्या. उशिरा, पण निघाल्या. मी बर्फातच बसकण मारली.

ताईला नमस्कार.
तुमचा कियोझो

ता. क. : पुढल्या हिवाळ्यातही पेट्या इथेच राहतील. फुसाए म्हणते, त्यांना थंडीचा धोका नाही, माझा आहे. तेव्हा बर्फ पडायच्या आत आम्हा दोघांनाच तुमच्याकडे ठेवून घ्याल का? मागची खोली चालेल.

ता. क. : दाजी, फुसाएचा नमस्कार. मी येणार नाही. पेट्यांकडे न बघायला इथे कुणीतरी हवं. यांना तेवढं ठेवून घ्या.