न आलेले सतरा जण

३ मार्च, सोमवार

आज आकडे आले आणि माझं नाक कापलं गेलं.

गाडीला मागून धक्का बसून मान दुखावलेले ऐंशी रुग्ण. चाळीस जणांना आमची जुनी रीत – गळ्यात पट्टा, आराम आणि व्यायामासाठी दवाखान्यात सहा फेऱ्या. चाळीस जणांना माझी रीत – एकच फेरी. अर्धा तास बसवून समजावायचं की मान हलवत राहा, घाबरू नका. हातात व्यायामाचा कागद द्यायचा. पट्टा नाही. सहा आठवड्यांत कामावर परतलेले किती? जुन्या रीतीचे एकोणतीस. माझे एकोणीस.

मोठे डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तुमचं स्वस्त आहे, मान्य. पण बरं न करणारं स्वस्त म्हणजे महागच की." सगळे हसले. मीही हसले. वाक्य चांगलं होतं, मेलं.

वीस तारखेला समिती बसणार. तिथे हरले तर माझी एक-फेरीची खोली जाणार आणि तिथे मान ओढायचं नवं यंत्र येणार. माहितीपत्रक डॉक्टरांच्या टेबलावर आत्ताच गुळगुळीत कागदात चमकतंय.

४ मार्च, मंगळवार

बाबांना सांगितलं नाही. तीन वर्षांपूर्वी सिग्नलला आमच्या गाडीला मागून ठोकलं तेव्हा गाडी मी चालवत होते. त्यांच्या गळ्यात पट्टाही मीच बांधला – तेव्हा मीही जुन्याच रीतीची. "पंधरा दिवस," मी म्हणाले होते. तीन वर्षं झाली, पट्टा गळ्यात आहेच. रोज साडेसहाला मी घरी येते, त्यांची मान तपासते, दहा मिनिटं खांदे चोळते, मग आम्ही जेवतो.

"काढा हो आता," मी आजही म्हणाले.

"तुझे मोठे डॉक्टर पट्टाच देतात ना? त्यांनी लिहून दिलं तर काढतो."

जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. एकदा बसवलेला काटा हलवत नाही. म्हणून तर मला डॉक्टरांची सही हवी आहे. समिती, खोली, यंत्र सगळं खरं, पण आधी ती सही.

७ मार्च, शुक्रवार

सापडलं!

तक्ता चौथ्यांदा वाचत होते. माझ्या चाळिसांपैकी सतरा जण सहा आठवड्यांच्या तपासणीला आलेच नाहीत. 'आले नाहीत', आणि शेजारच्या रकान्यात 'गुण नाही'. का? तर आमच्या विभागाचा नियम : न आलेला रुग्ण बरा झाला नाही असं धरावं. हा नियम कोणत्या शहाण्याने केला म्हणून जुनी फाईल काढली. अक्षर माझं. नऊ वर्षांपूर्वीचं, ठसठशीत, खाली दोन रेघा मारलेलं. आपलेच दात आपलेच ओठ.

पण न आलेला माणूस बराही असू शकतो ना? आम्हाला दवाखान्यात बसून वाटतं की जग दवाखान्यातच आहे.

१० मार्च, सोमवार

आकडेवालीला – आमच्याकडे उसनी आलेली हिशेबनीस, जेमतेम तिशीची, चेहऱ्यावर माशी हलत नाही – विचारून फोन सुरू केले. तिने प्रश्न लिहून दिले. "इकडचा तिकडचा शब्द नको. 'बरं आहे ना?' असं विचारायचं नाही. 'कसं आहे?' एवढंच."

पहिला फोन छपरं शाकारणाऱ्याला. "मान कशी आहे?" तर म्हणतो, "बाई, मी आत्ता छपरावर आहे. मान धड नसती तर इथे चढलो असतो का? नंतर करा."

१२ मार्च, बुधवार

गाडी शिकवणारे गृहस्थ : "दिवसभर मागे वळून बघायचंच काम माझं. आठव्या दिवशी कामावर गेलो." एका शिवणकामवाल्या बाईंनी तर मलाच झापलं : "बरं वाटल्यावर कशाला यायचं? दवाखाना काय माहेर आहे?"

जेवणाच्या सुट्टीत एकटीच हसत बसले. सतरापैकी चौदा जण मिळाले. बारा ठणठणीत, तेही सहा आठवड्यांच्या आत. दोघांना अजून दुखतंय. तिघांचे फोन बंद, ते 'गुण नाही'तच ठेवले.

एकोणीस आणि बारा, एकतीस. एकतीस विरुद्ध एकोणतीस!

घरी आले तर भिंतीवरचं मोठं घड्याळ साफ होऊन चकचकीत. शेजारीण आली असेल मदतीला. बाबांना शिडीवर मान वर करवणार आहे थोडीच.

१३ मार्च, गुरुवार

आकडेवाली म्हणाली, "जुन्या रीतीचे तीन जण आले नव्हते. त्यांनाही फोन करा."

मला नको होतं. खरंच नको होतं, इथे खोटं कशाला लिहू. पण केले. दोघं बरे. म्हणजे तिकडेही एकतीस.

बरोबरी. अर्धा तास तोंड पाडून बसले. मग तिने कागद माझ्यापुढे सरकवला. तिने दवाखान्याचा खर्च धरला होता, रुग्णांचे बुडालेले कामाचे दिवस आणि येण्याजाण्याचं भाडंही. एक माणूस बरा करायला जुन्या रीतीला माझ्या रीतीच्या साडेचार पट खर्च.

"बरोबरी म्हणजेच तुम्ही जिंकलात," ती म्हणाली. आणि हसली. तिला दात आहेत हे आज कळलं.

२० मार्च, गुरुवार, दुपार

जिंकले, जिंकले, जिंकले.

आधी माझा नियम, माझं अक्षर, माझी चूक सांगितली. मग छपरावरचा माणूस सांगितला. समितीच्या अध्यक्षबाई खो खो हसल्या. मोठे डॉक्टर तक्ता उलटसुलट करून पाहत राहिले, आणि शेवटी – माणूस मनाचा मोठा, हे लिहायलाच हवं – म्हणाले, "मॅडम, न आलेल्यांना विचारायचं आम्हाला सुचलंच नाही."

यंत्र रद्द. सगळ्यांना आधी एकच फेरी. सहा आठवड्यांनी ज्यांना दुखेल त्यांनाच पुढच्या. पट्टा बंद. आणि सही! डॉक्टरांची, निळ्या शाईत. अर्धी रजा टाकली आहे. आता कागद घेऊन सरळ घरी. बघू बाबा काय म्हणतात.

त्याच दिवशी, संध्याकाळी

अडीचला दार उघडलं. बाबा शिडीवर, छताकडे मान करून दिवा बदलत होते. पट्टा दाराशेजारच्या खुंटीवर. माझी चाहूल लागताच त्यांनी मान गर्रकन वळवून पाहिलं.

"कधीपासून?"

"पहिल्याच महिन्यात बरी झाली. सव्वासहाला घालतो."

"का?"

त्यांनी दिवा घट्ट फिरवला. मग म्हणाले, "बरी झाली म्हटलं असतं, तर तू रोज दहा मिनिटं माझ्याजवळ कशाला बसली असतीस?"

कागद पर्समध्येच राहिला. साडेसहाला त्यांच्याजवळ जाऊन बसले. मान तपासली नाही.