वजन तेवढंच होतं

बाबा, तुमचा गिअरबॉक्स कॉलेजवाले काचेच्या पेटीत ठेवणार आहेत. विभागाच्या दारातच, खाली पितळेची पाटी. विभागप्रमुख घरी येऊन सांगून गेले, मुलीने दोन पानं आठवणी लिहून द्याव्यात आणि आईने फीत कापावी. तुमचेच विद्यार्थी आहेत, तुमचं नाव घेताना अजून कानाच्या पाळीला हात लावतात. आईने त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली आणि ते गेल्यावर कप विसळता विसळता मला म्हणाली, "फीत कापाले मी नाही जात. तू मले एकडाव काटोलले ने. अन् थांबव." दोन पानं लिहायला मी बसले होते, पण ‘माझे वडील थोर संशोधक होते’ या वाक्यानंतर हात पुढे सरकेना. म्हणून आधी हे लिहिते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, लोक म्हणतात गेलेल्या माणसावर राग धरू नये. मी धरला आहे. तो निवला तर नाहीच, लोणच्यासारखा मुरला आहे.

जीप लिलावातली होती, डिझेलची. तिच्यात तुम्ही स्वतः घडवलेला गिअरबॉक्स बसवला होता, नेहमीच्या शेवटच्या गिअरच्या वर आणखी एक गिअर असलेला. गाडी तेवढ्याच वेगाने पळेल, इंजिन मात्र हळू फिरेल, डिझेल वाचेल. कल्पना चांगली होती, ते मी नाकारत नाही, मी आता त्याच धंद्यात आहे. पण ती सिद्ध करायला तुम्हाला दर रविवारी सारखाच रस्ता, सारखाच वेग आणि सारखंच वजन हवं होतं. रस्ता काटोलचा, वेग पंचेचाळीसचा आणि वजन म्हणजे आम्ही. आदल्या संध्याकाळी किराणा दुकानाच्या मोठ्या काट्यावर तुम्ही आईला आणि मला उभं करायचात, गिऱ्हाइकं बघत राहायची, आई पदर सावरून जमिनीकडे पाहायची. मी वाढत्या वयाची, म्हणून माझं वजन वाढलं की मागच्या पोत्यातली तेवढी वाळू कमी. एकदा मी तापातून उठले तेव्हा पोत्यात पुन्हा वाळू घातलीत. त्या आजारपणात माझ्याकडे नीट बघून तुम्ही केलेली तेवढीच एक गोष्ट मला आठवते.

आजही मी त्या मागच्या बाकावर बसलेली आहे. समोर खुणा केलेली काचेची नळी, तिच्यात डिझेल. किलोमीटरचा दगड गेला की मी पातळी वाचून ओरडते आणि तुम्ही न वळता मान हलवता. वास नको म्हणून मी नाक फ्रॉकमध्ये खुपसते. बाजूची ताडपत्री उघडायची नाही, कारण वारा आत शिरला की गाडीला अडतो. लघवी लागली तरी थांबायचं नाही. एकदा मी रडायला लागले तर म्हणालात, "निघाच्या आधी काहून नाही गेली? गाडी थांबली का सारं रीडिंग गेलं." तुमच्या त्या सुंदर आलेखात, बाबा, माझे ते ओले कपडे कुठेच दिसत नाहीत.

आणि काटोल तर आईचं माहेर. दर रविवारी तुम्ही तिला माहेरी नेत होतात आणि दर रविवारी न उतरवता परत आणत होतात. बाजाराजवळच्या चौकात गाडी वळवायची म्हणून वेग थोडा कमी व्हायचा, तेवढाच. तिथे तिचे वडील, आबा, उभे असायचे. आई ताडपत्री वर करायची, आबा तिचा हात धरून जीपच्या बाजूने चालायचे. "बरी हायेस नं वं? पोरगी जेवते का?" असं काहीबाही विचारायचे, आई उत्तर देईस्तोवर वळण संपायचं आणि हात सुटायचा. एका हिवाळ्यात त्यांनी धोतराच्या सोग्यातली संत्री तिच्या मांडीवर ओतली. गाव मागे पडल्यावर तुम्ही मला म्हणालात, "फेक बाहेर. वजन वाढलं." मी म्हटलं, खाऊन टाकते ना. "खाल्ली तरी वजन गाडीतच राहते. फेक." मी एकेक संत्रं रस्त्यावर फेकलं आणि आई समोर बघत बसली. आता सांगते, त्या दिवशीचं तुमचं रीडिंग चुकीचं आहे. एक संत्रं आईने ओच्यात दाबून ठेवलं होतं. घरी आल्यावर स्वयंपाकघरात पोळपाटाच्या मागे उभ्या राहून आम्ही दोघींनी ते खाल्लं, आणि इतकं गोड संत्रं मी पुन्हा कधी खाल्लेलं नाही.

मग तो रविवार. चौकात आबा नाहीत. आईने ताडपत्री वर केली, दोन्हीकडे पाहिलं. "थांबवा नं जी, आबा दिसून नाही राहिले." तुम्ही वळण घेतलंत. "अवो, दोन मिनिटं. गल्लीतच तं घर हाय." तुम्ही गिअर वर टाकलात. "पुढच्या रविवारी थांबू," म्हणालात. आवाज चढवला नाहीत, तुम्ही कधीच चढवत नव्हतात, त्याचाच मला जास्त संताप येतो. आबांना आदल्या दिवशी लकवा मारला होता. मामीने नंतर सांगितलं, इंजिनाचा आवाज ऐकून ते म्हणाले, "जीप आली वाट्टे, मले बसवा." त्यांना भिंतीला टेकवून बसवलं. आवाज आला तसा गेला. मंगळवारी ते गेले. मातीला आपण एसटीने गेलो, कारण जीपचं इंजिन तुम्ही अंगणात उघडून ठेवलं होतं.

पुढच्या रविवारी आई चुलीपाशीच बसून राहिली, येत नाही म्हणाली. तुम्ही चपला सरकवून बाहेर गेलात. मला वाटलं, लाजलात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आम्ही पाहिलं तर तुम्ही आईच्या जागेवर वाळूची पोती रचत होतात, आईच्या वजनाची, काट्यावर मापून आणलेली. आई खिडकीशी आली. "बसली का मी नीट?" तिने विचारलं. "दोरी आवळून बांधा जी, नाही तं वळणावर पडीन." शेजारच्या काकू हसल्या. तुम्ही हसला नाहीत, चिडलाही नाहीत. दोरी खरंच आवळलीत आणि म्हणालात, "वजन तेवढंच आहे." तुमच्या दृष्टीने ते समजावणं होतं, हे मला आता कळतं. म्हणून काही मी माफ करत नाही. आई त्या जीपमध्ये पुन्हा कधी बसली नाही, आणि तुमच्या रीडिंगमध्ये तिळमात्र फरक पडला नाही.

पुढे काय झालं ते पाटीवर कोणी लिहिणार नाही, म्हणून इथे लिहिते. एका कंपनीने तुमचा गिअरबॉक्स प्रवासी गाडीत बसवून पाहिला आणि परत पाठवला. गाडी फाट्याफाट्याला थांबते, आणि वरचा गिअर बसवायला तुम्ही सगळ्यात खालचा काढला होता, म्हणून पुन्हा निघताना इंजिन गुदमरतं, काळा धूर ओकतं, क्लच जळतो. तुम्ही जेवताना ते आईला सांगितलंत आणि वर भाकरी मोडत विचारलंत, "पण इतके थांबतात काहून?" आईने तुमच्या ताटात वरण वाढलं. मी आज ज्या ठिकाणी गाड्या तपासते तिथे थांबणं हा चाचणीचाच भाग आहे. गाडी कुठे थांबवायची, किती वेळ नुसती उभी ठेवायची, पुन्हा कशी उचलायची, हे आधी ठरतं आणि मग डिझेल मोजतात. कारण माणसं थांबतात, बाबा. कोणी उतरतं, कोणी चढतं, कोणाचा बाप चौकात उभा असतो. तुमच्याइतकं तेज डोकं मी आमच्या धंद्यात दुसरं पाहिलं नाही, आणि एवढं साधं तुम्हाला सुचलं नाही.

गेल्या रविवारी आईला काटोलला नेलं. माझी गाडीही डिझेलचीच, गिअर स्वतःच बदलणारी. रस्ता आता रुंद झालाय. चौकात मी गाडी कडेला घेऊन बंद केली. गल्लीतलं घर केव्हाच विकलं गेलंय. आबा उभे असायचे तिथे मोबाइलचं दुकान आहे. आई काठी टेकत तिथे जाऊन उभी राहिली, दुकानदाराने स्टूल दिलं तरी बसली नाही. मग तिने संत्री घेतली, चांगलं पोतंभर, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "टाक मांगं. वाढू दे वजन." परतीच्या वाटेवर ती एकामागून एक सोलून खात होती, बिया मुठीत जमवत होती. मध्येच म्हणाली, "जराशी थांबव वं, हात चिकट झाले, धुतो."

समोरच्या स्क्रीनवर तेव्हा मायलेजचा आकडा चढत होता. इतका चांगला आकडा या गाडीने मला कधी दिला नव्हता. मी काटा पाहिला, वेग पंचेचाळीस. केव्हापासून, कोण जाणे. आणि माझ्या तोंडून निघालं, "पुढे थांबू, आई." आवाज न चढवता.

आईने हात लांब केला आणि संत्र्याच्या रसाने भरलेला पंजा त्या स्क्रीनवर फिरवला, सावकाश, ओटा पुसावा तसा. आकडा दिसेनासा झाला. मी ब्रेक दाबला. रस्त्याच्या कडेला बाटलीतल्या पाण्याने तिचे हात धुवून दिले.

हे अर्धवट ठेवून कॉलेजची दोन पानं मी काल लिहून दिली, थोर संशोधकवाली. फीत कापायच्या दिवशी आई घरीच राहणार आहे. हे मात्र कुठेच जाणार नाही. स्क्रीनवरचा तो डाग मी पुसलेला नाही, पुसणारही नाही. पण खरं सांगते, रस सुकल्यावर त्याच्या कडेने आकडा वाचता येतो, आणि मी वाचते.