लहान पडलेला ट्रान्सफॉर्मर

अण्णा, इथल्या कोठी भागातल्या एका इमारतीबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर आधी ट्रान्सफॉर्मर म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागते, आणि मग बोलायचं ते राहूनच जातं.

तारनाक्याच्या रेल्वे क्वार्टरमधलं स्वयंपाकघर आठवतं. मी इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला, तुम्ही रेल्वेच्या वीज खात्यात. कॉलेजसाठी एका दुकानांच्या इमारतीला किती मोठा ट्रान्सफॉर्मर लागेल ते काढून मी कागद तुमच्यापुढे ठेवलाय. आई भाकरी थापतेय. "सगळे एकदम एसी लावणार नाहीत, हे तुला कुणी सांगितलं?" तुम्ही विचारता. पुस्तकात तसंच दिलंय, मी म्हणते. "पुस्तक लिहिणारा मे महिन्यात हैदराबादेत राहिला नसेल. भर दुपारी आत माणसं असतील, ती डोळ्यांपुढे आण आणि मग मोज." आई म्हणाली, "अहो, जेवू द्या तिला आधी." तुम्ही जेवू दिलं नाहीत. मी रडत रडत सगळं पुन्हा मोजलं, आणि त्या दिवसापासून तसंच मोजत आले.

कोठीची इमारतही तशीच मोजली होती. खाली दुकानं, वर ऑफिसं. पाचशे केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर पुरेसा होता. बांधकाम वर चढल्यावर मालकांनी वरचे दोन मजले डायलिसिस आणि स्कॅनिंगच्या सेंटरला दिले. मी नव्याने हिशेब केला. आता आठशे लागत होता. मालक माणूस वाईट नाही. इराणी चहा मागवला, समोसे मागवले आणि म्हणाले, "बड़ा बिठाए तो सामने की मुलगी जाती ना मॅडम. सब लोगां एकदम कायकू चलाते?" इथे दुकानाच्या गाळ्याला मुलगी म्हणतात, यावरून तुम्ही आईची किती थट्टा करायचात. मला हसू आलं नाही. पाचशेच्या नकाशावर मी सही करणार नाही, असं सांगितलं. ते रागावलेही नाहीत. "नक्को तो नक्को," म्हणाले, आणि थोड्याच दिवसांत दुसऱ्या कुणाची तरी सही घेतली. गौलीगुड्यापर्यंत मी चालत आले त्या दिवशी. तुम्ही असतात तर पाठीवर हात ठेवला असतात असं वाटत होतं.

त्यानंतर माझ्या पाठच्या धाकट्याच्या किडन्या गेल्या. तुमच्या वेळी तो इतका दांडगा होता, तुमचा विश्वास बसणार नाही. घराजवळच्या सेंटरांत जागा नव्हती. जिथे मिळाली ती त्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. एक दिवसाआड मी त्याला घेऊन जाते. उन्हाळा लागला की ट्रान्सफॉर्मरच्या खोलीचं दार उघडं ठेवतात आणि दारात एक मोठा कूलर लावतात, ट्रान्सफॉर्मरला वारा घालायला. मी गाडी लावताना त्याचा आवाज ऐकते. दमलेला आवाज आहे, अण्णा. आतल्या तारांवरचा कागद रोज थोडा थोडा करपत असणार. तो आज जाईल की पुढच्या वर्षी, हे तुम्हालाही सांगता आलं नसतं.

या मे महिन्यात एका दुपारी ट्रान्सफॉर्मर तापून बंद पडला आणि वीज गेली. जनरेटर लिफ्ट आणि दिव्यांपुरताच. मशीनची बॅटरी जुनी, तीही थोड्या वेळात बसली. सिस्टरने दांडा बसवून हाताने पंप फिरवायला सुरुवात केली, नाहीतर नळीतलं रक्त गोठतं. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. धाकटा माझ्याकडे बघत होता.

"ताई, इथला हिशेब तूच केला होतास ना?"

"हो."

"चुकला होता?"

"नाही रे."

"मग असं कसं?"

मी सिस्टरच्या हातातला दांडा घेतला. वीज येईपर्यंत आम्ही दोघी आळीपाळीने तो फिरवत होतो.

दुसऱ्या दिवशी मालकांकडे गेले. त्यांनी मला खाली नेऊन सगळं दाखवलं. मोठ्या ट्रान्सफॉर्मरला जागा हवी तिथे औषधांचं दुकान आहे, मागे भिंत, बाजूला पाण्याची टाकी. "अब किधर बिठाऊं, तुमीच बोलो," ते म्हणाले. मी पुन्हा पुन्हा बघितलं. खरंच कुठे बसत नाही. वीज खात्याकडे तक्रार केली तर वरचे मजले बंद होतील, आणि त्या खुर्च्यांवरची माणसं दुसरीकडे कुठे जाणार? आपला धाकटा कुठे जाणार? म्हणून मी तक्रार केलेली नाही. ज्या कागदावर सही करायला नाही म्हटलं, त्याच कागदावर त्याचा जीव टिकून आहे, आणि तो तसाच टिकावा म्हणून मी गप्प आहे. माणसं डोळ्यांपुढे आणून मोज, एवढं तुम्ही शिकवलंत. मोजून झाल्यावर काय करायचं, ते विचारायचं राहून गेलं.

हे पत्र कुठे पाठवायचं, हा प्रश्नच नाही. फक्त कालचं एक सांगते. शेजारच्या खुर्चीवरच्या पेशंटची बायको गप्पा मारत होती. तिने विचारलं, "आप क्या काम करते अम्मा?" मी म्हटलं, "कुछ नहीं. घर पे-च रहती."