बाकी सगळं स्थिर

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. (रागावलेय, पण नमस्कार कापणार नाही.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला थांबला का? आम्ही इकडे ठीक, म्हणजे मी पदवीच्या गणितात नापास झाले. दोन मार्कांनी. आता वीस तारखेच्या फेरपरीक्षेत उडाले, तर घरची बेकरी सांभाळून चार वर्षं केलेला अभ्यास पाण्यात, आणि त्याला जबाबदार तू.

कॉलेजात तीस वर्षं गणित शिकवलेला भाऊ आहे, म्हणून फोन करून विचारलं, की पार्शल डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय रे. तू म्हणालास, "सोपं आहे गं. एकच गोष्ट जराशी बदल, बाकी सगळं स्थिर धर, आणि काय फरक पडतो ते बघ." तेवढ्यात मागून ह्यांचा आवाज आला आणि तू फोन ठेवलास. (बुद्धिबळाच्या एका चालीवरून दोन वर्षं अबोला! दोघांचे केस पिकलेत, शोभतं का?) मी वेडी, ते भट्टीवर करून बघितलं. आमचा पाव दोनशेवीस डिग्रीला अर्धा तास भाजतो. वेळ तीच ठेवून आच वाढवली, करपला. आच उतरवली, मधे कच्चा. आच पूर्ववत करून वेळ वाढवली, पुन्हा करपला. कमी केली, पुन्हा कच्चा. (बाकी स्थिर राहावं म्हणून तीन दिवस खिडकीसुद्धा उघडू दिली नाही. ह्यांना घामोळं आलं.) म्हटलं, कुठूनही हललं की बिघडतं, म्हणजे आपण शिखरावरच आहोत. पेपरात नेमकं तेच विचारलं: दोन्ही पार्शल डेरिव्हेटिव्ह शून्य, कुठल्याही एका अक्षावर सरकलं की किंमत उतरते, तर हे नक्की शिखर का? मी ठोकून दिलं, होय. शिवाय उत्तराखाली दोन रेघा मारल्या.

परवा ह्यांना म्हटलं, एकदा परत तपासू, फक्त आच उतरवा. ह्यांनी उतरवली, आणि पिठवाल्याशी फोनवर असे भांडत बसले की पाव पंधरा मिनिटं उशिरा काढला. मी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. असा पाव आमच्या भट्टीतून आजवर निघाला नव्हता! म्हणजे आच आणि वेळ, दोन्ही एकदम बदलली तर वर जायला वाट होतीच. हे मला तू का नाही सांगितलंस? आणखी दोन मिनिटं बोलला असतास तर जीभ झिजली असती का? संताप संताप झालाय नुसता.

वहिनीला नमस्कार. तुला एकदा केलाय, तेवढा पुरे.

तुझी धाकटी बहीण

ता. क. पुढचा धडा तूच शिकवायचास, आणि इथे येऊन. 'आधी त्यांनी माफी मागावी' हे आता बंद. मी दोन वर्षं तपासलंय: तू एकटा नमलास की हे ताठ होतात, हे एकटे नमले की तू. रविवारी दहा वाजता तू फाटकातून आत ये, त्याच वेळी हे दारातून बाहेर येतील.

ता. क. २. पत्र ह्यांनी वाचलं. मग विचारलं, "दादा चहा अजून बिनसाखरेचाच घेतात का?" मी म्हटलं, विचारून सांगते. तर सांग.