फाइल उघडायला लागणारा वेळ

११ सप्टेंबर, गुरुवार

ती. वहिनींस,
नमस्कार. तुमची आणि चिमीची तब्येत बरी असेल. मी ठीक आहे. जेवण, झोप वेळेवर.

ऑफिसात महिनाभर एकच तक्रार होती: फाइल उघडायला मिनिट-मिनिट लागतं. कॉम्प्युटरची दुरुस्ती माझ्याकडे, त्यामुळे बोलणी मलाच. मेमरी वाढवली, व्हायरस तपासला, केबली बदलल्या. ढिम्म फरक नाही. टपाल बघणाऱ्या बाई म्हणाल्या, फाइल उघडेपर्यंत माझा चहा पिऊन होतो.

काल कारण सापडलं. ऑफिसच्या पत्रांचा नमुना, म्हणजे वरचं नाव, समास, अक्षर, हे सगळं दादाने बसवलेलं. तो नमुना त्याच्याच मशीनवर होता. ते मशीन गेल्या महिन्यात उचलून नेलं. पण त्या नमुन्यावरची प्रत्येक फाइल उघडताना आधी ते मशीन शोधायची. सापडलं नाही, की मग उघडायची. मशीनला त्याने चिमीचं नाव दिलं होतं. मी सगळ्या फाइलींमधून ते काढून टाकलं. आता झटकन उघडतात. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मला काहीच वाटलं नाही.

हल्ली तसंच होतं.

वहिनी, दादा गेला त्या दिवशी हॉस्पिटलात तुम्ही मला विचारलंत, ह्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही का? मी नाही म्हणून मान हलवली.

सांगितलं होतं. दुपारी साडेबारा वाजता ऑफिसच्या वरच्या मजल्यावरून त्याचा मला फोन आला. म्हणाला, "जरा वर येतोस का?"

मला दिवसभर असेच फोन येतात. मी म्हटलं, "मशीन बंद करून चालू कर. जेवण झालं की येतो."

तो "बरं" म्हणाला. आवाज बारीक होता. तेव्हाच जाणवलं होतं मला. तरी मी डबा खाल्ला, हात धुतले आणि वर गेलो. तोवर त्याच्या टेबलाभोवती माणसं जमली होती.

तासभर आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी तुमच्या शेजारीच उभा होतो.

धाकट्या दिराने फार केलं, असं तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगता. ते आता सांगू नका.

रविवारी नेहमीसारखा येणार होतो. तुम्ही बोलावलंत तरच येईन.

तुमचा दीर,
अजून म्हणत असाल तर